धावणारे पाय आणि पाहणारे डोळे



या पानांवर आपण धम्माची चर्चा करतो ती बहुधा पंचशीलाची, बावीस प्रतिज्ञांची, मंगलपरिणयाच्या विधीची आणि मुलांच्या शिक्षणाची असते. ते योग्यच आहे. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाला घरातून काय काढावयाचे आणि घरात काय आणावयाचे, हे आधी ठरवावे लागते. परंतु आज मी आपणापुढे एक निराळा प्रश्न ठेवणार आहे. सुंदर वस्तू पाहून मनाला जो आनंद होतो, तो धम्माला मान्य आहे काय? की ती तृष्णाच आहे? आणि त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या केवळ राबण्यात गेल्या आणि ज्यांच्या बांधवांवर आजही कुठे ना कुठे अत्याचार होतच असतात, त्या आपल्यासारख्यांनी फुले पाहत उभे राहणे शोभते काय?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडला नाही. तो धावताना पडला. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो आणि मग विचाराकडे वळतो.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला, माणदेशातला. आमच्याकडे वर्षाला पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेजात असताना पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याची सवय लागली. भरती झाली नाही, पुढे शिक्षक झालो. धावणे मात्र राहिले. आजही शाळेच्या आधी चार-पाच किलोमीटर धावल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठी चार दिवस रत्नागिरी तालुक्यात जावे लागले. उतरण्याची सोय गावाबाहेरच्या एका वसतिगृहात होती. दिवसभर तक्ते, आराखडे आणि भाषणे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस थांबलेला पाहून मी बूट चढवले आणि मिळेल त्या रस्त्याने निघालो. रस्ता चढणीचा होता. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, त्यांना जांभ्या दगडाचे गडगे. चढण संपली आणि एकाएकी सगळे मोकळे झाले. समोर सपाट कातळ पसरला होता. कोकणातले लोक याला सडा म्हणतात. आदल्या दिवशी एसटीतून येताना मी हाच सडा पाहिला होता. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले होते, "ही सगळी पोटखराब्याची जागा. इथे काही होत नाही."

आता पहाटेच्या उजेडात पाहतो तो काय! ज्या जागेवर काही होत नाही, ती जागा निळ्याजांभळ्या रंगाने भरून गेली होती. नखाएवढी फुले, पण लाखोंनी. त्यांच्यामध्ये पांढऱ्या गेंदांचे पट्टे, कडेच्या गवतात कवल्याची पिवळी फुले. कातळाच्या खळग्यांत पाणी साचले होते आणि त्यात ढग दिसत होते. दूर खाली समुद्राची करडी रेघ. मी आयुष्यात पुष्कळ माळ पाहिले आहेत. माळावर असे काही असेल, हे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. माझे पाऊल त्या सड्याच्या काठावर थांबले. सौंदर्य पाहून थांबले असे म्हणता आले असते. पण ते खरे नव्हे. मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ही जागा कुणाची? इथे जाऊ की नको? कोणी हटकले तर काय सांगू? अनोळखी गाव, पहाटेची वेळ, आणि मी धावत आलेला परका माणूस. मी पदवीधर आहे, सरकारमान्य शाळेत शिक्षक आहे, संविधान शिकवतो. तरीही माझ्या पायांना परवानगी मागण्याची सवय आहे. ती मी शिकलो नाही. ती मला वारशाने मिळाली आहे. वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पायांत ती असेल.

तेवढ्यात खालच्या बाजूने एक म्हातारी विळा आणि दोरी घेऊन गवताला आली. मला घामाघूम पाहून तिने विचारले, "कोन मेला काय रे बाबा? एवडा धावत आलास तो!"

तिने सहज विचारले. कोकणातल्या म्हातारीला पहाटे धावणारा माणूस दिसला, तर दुसरे काय वाटणार? पण तो प्रश्न माझ्या काळजात जाऊन बसला. कारण माझा आजा असाच धावत असे, आणि खरोखर कोणीतरी मेलेले असे म्हणूनच धावत असे.

आजा येसकर होता. गावात कुणाच्या घरी मयत झाले, की पाहुण्यांच्या गावी सांगावा पोहोचवणे महारांकडे असे. दहा कोस असो की पंधरा, रात्र असो की भरपाऊस असो, निघावे लागे. अंमलदार आला तर त्याचे ओझे डोक्यावर घेऊन त्याच्या घोड्यापुढे धावावे लागे. गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवण्याची सोबत करावी लागे. मोबदला काय? शिळी भाकर आणि वतनाच्या नावाखाली जमिनीचा तुकडा, ज्याने माणूस गावाला बांधला जाई. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, ते याच बेड्या तोडण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. तो त्यांच्या हयातीत होऊ शकला नाही.

माझा आजा मी लहान असताना गेला. त्याच्या पायांच्या भेगा मला आठवतात. तो किती रानांतून, किती डोंगरांतून धावला असेल! चांदण्यातली ज्वारी त्याच्या दोन्ही बाजूंना डोलली असेल. पण तो दुसऱ्याच्या मरणाची बातमी घेऊन धावत होता, आणि उशीर झाला तर शिव्या होत्या. अशा धावणाऱ्याला रस्त्याच्या कडेला थांबून पाहता येत नाही. पाय त्याचे असतात. वेळ दुसऱ्याचा असतो.

मी म्हातारीला म्हणालो, "कोणी मेले नाही, आजी. मी आपला धावतो. तब्येतीसाठी."

ती हसली. "बरा हाय," म्हणाली आणि गवत कापू लागली. मग मी तिला फुलांविषयी विचारले. ती वर न पाहताच म्हणाली, "ही आली का पाऊस सरत आला म्हनायचा. पंधरा दिस राहतील. मंग काय नाय." तिने माझे आडनाव विचारले नाही, मीही तिची वाडी विचारली नाही. मी सड्यावर पाऊल टाकले. फुले चिरडू नयेत म्हणून बूट काढून हातात घेतले आणि उघड्या कातळावरून जपून चाललो. अर्धा तास तिथे उभा राहिलो. प्रशिक्षणाला मी त्या दिवशी उशिरा पोहोचलो आणि चार शब्द ऐकून घेतले.

आता विचाराकडे येऊ.

पहिला प्रश्न: हा आनंद म्हणजे तृष्णा काय? आपल्यापैकी काही जणांची अशी समजूत आहे, की बौद्ध धम्म म्हणजे सर्व दुःख आहे असे म्हणत उदास चेहऱ्याने बसणे. ही समजूत आपल्या विरोधकांनी पसरवली आणि आपल्यातल्या काहींनी ती खरी मानली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच त्यांनी हा प्रश्न उपस्थित केला आहे, की जीवन म्हणजे केवळ दुःख असे सांगणारी शिकवण माणसाला आशा कशी देणार? त्यांनी धम्माची जी मांडणी केली, ती दुःख ओळखून ते दूर करण्याची आहे. दुःखाला कवटाळण्याची नाही.

तथागतांचे चरित्र पाहा. जन्म लुंबिनी वनात, बोधी पिंपळाखाली, पहिले प्रवचन मृगदावात, महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांमध्ये. तपासाठी जागा शोधत ते उरुवेलेला आले, तेव्हा तिथली रम्य वनराई आणि स्वच्छ वाहणारी नदी पाहून त्यांना वाटले, की ही जागा साधनेला योग्य आहे. म्हणजे जागेचे रमणीय असणे हे त्यांनी साधनेच्या आड येणारे मानले नाही. आणि महापरिनिब्बान सुत्तात काय आहे? ऐंशी वर्षांचे, आजारातून उठलेले, शरीर थकलेले तथागत आनंदाला वैशाली किती रमणीय आहे ते सांगतात. उदेन चैत्य, गोतमक चैत्य, चापाल चैत्य, एकेकाचे नाव घेऊन सांगतात. ज्यांनी तृष्णेचा संपूर्ण क्षय केला, त्यांच्या तोंडी हे शब्द आहेत. मग रमणीयाला रमणीय म्हणणे ही तृष्णा कशी? थेरगाथेत महाकाश्यपांच्या गाथा आहेत. सर्व शिष्यांत कठोर व्रताचे म्हणून ते प्रसिद्ध. ते डोंगर, पाऊस, मोर यांचे वर्णन करून ही शिखरे आपल्याला आनंद देतात असे सांगतात.

प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आपण विहारात ऐकतो. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. येथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला अनुभव. डोळ्यांना फूल दिसले, हा स्पर्श. बरे वाटले, ही सुखद वेदना. येथपर्यंत दोष काहीच नाही. डोळे असलेल्या प्रत्येकाला हे होणारच. दोष सुरू होतो तो पुढच्या कडीला. हे माझे असावे, हे फक्त मला दिसावे, हे संपू नये, हे मी उपटून घरी न्यावे. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये जी फट आहे, तिथे जागे राहणे हाच धम्माचा अभ्यास.

या जागे राहण्याला तथागतांनी दिलेली एक उपमा मला त्या सड्यावर आठवली. संयुत्तनिकायात पळसाच्या झाडावरून सुरू होणारे एक सुत्त आहे. ज्याने पळस जसा पाहिला, तसे त्याने त्याचे वर्णन केले. कुणाला तो जळक्या खुंटासारखा दिसला, कुणाला मांसाच्या तुकड्यासारखा लाल. त्याच सुत्तात पुढे सीमेवरच्या एका नगराची उपमा येते. हे शरीर म्हणजे नगर, सहा इंद्रिये म्हणजे त्याच्या सहा वेशी, आणि वेशीवरचा राखणदार म्हणजे स्मृती, म्हणजेच जागरूकता. माझा आजा येसकर होता, म्हणजे वेशीचाच राखणदार. परंतु ज्या गावाची वेस त्याने राखली, त्या गावात त्याला घर नव्हते. स्वतःच्या मनाच्या वेशीवर शांतपणे बसण्याची फुरसत त्याला कोणी दिली नाही. धम्मदीक्षेने आपल्याला काय दिले, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन: आम्ही आमच्याच वेशीचे येसकर झालो.

आता त्या फुलांकडेही धम्माच्या नजरेने पाहू. जांभा दगड तयार झाला तो काळ्या पाषाणाची झीज होऊन. लाखो वर्षे पाऊस पडत राहिला, विरघळणारे द्रव्य वाहून गेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. म्हणून त्याचा रंग तांबडा. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो सड्यावरची माती धुऊन नेतो. उरते ती बोटभर जाडीची माती, तीही नत्र फारसे नसलेली. मोठ्या झाडाला तिथे थारा नाही. आणि म्हणूनच ही लहान रोपे तिथे आहेत. निळ्याजांभळ्या फुलांच्या त्या रोपाला खरी मुळे नसतात. त्याच्या ओल्या मातीतल्या भागाला बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला, की क्षणार्धात आत ओढला जातो आणि त्यातून रोपाला नत्र मिळते. माती देत नाही, तर रोपाने दुसरी वाट काढली. ओल संपली, की हे सगळे वाळून जाते. हिवाळ्यात तिथे पिवळे गवत आणि काळपट कातळ तेवढा राहतो.

लोक या फुलाला सीतेची आसवे म्हणतात. नाव गोड आहे, पण फूल कुणासाठी रडत नाही. कातळ, पाऊस, पातळ माती, सूक्ष्म जीव ही कारणे एकत्र आली, म्हणून ते आहे; ती कारणे सरली, की ते नाही. यात देवाची लीला नाही, पूर्वजन्मीचे पुण्य नाही. कारण कळल्याने सौंदर्य कमी होते, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. फुग्याची गोष्ट मला नंतर पुस्तकात समजली, तेव्हा मला ते फूल अधिकच आवडले. आपल्या मुलांना विज्ञानही शिकवा आणि फूलही दाखवा. दोन्हींत भांडण नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. परत आल्यावर हा अनुभव मी आमच्या तालुक्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सांगितला. त्यांनी चळवळीत आयुष्य घालवले आहे, लाठ्या खाल्ल्या आहेत. ते म्हणाले, "गुरुजी, फुलेबिले भरल्या पोटाच्यांना. आपली पोरं मार खातायत आणि तुम्ही माळावर अर्धा तास उभे!" मी त्यांचा आदर करतो, म्हणून त्यांचे बोलणे टाकून देत नाही. त्यांच्या म्हणण्यात सत्य आहे. निसर्गाचे गोडवे गाणारे पुष्कळ लेखन असे आहे, की त्यात नदी आहे, पण नदीच्या खालच्या अंगाला कोणाला पाणी भरावे लागत होते ते नाही. पहाटेचे रम्य खेडे आहे, पण वेशीबाहेरची वस्ती नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांच्या या गोडव्याचा जो समाचार घेतला, तो आपण विसरता कामा नये. सुंदर देखावा दाखवून अन्याय झाकणारे सौंदर्य आपल्याला नको.

परंतु म्हणून डोळेच मिटून घ्यावयाचे काय? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी गेले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्या पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी भरलेले टाके होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी त्या पाण्याने तोंड धुतले, तर टाके बाटवले म्हणून ओरड झाली. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. ती वाचताना आपल्याला अपमान आठवतो. पण त्यातली दुसरी गोष्ट आपण पाहत नाही: चळवळीच्या ऐन धकाधकीत ते आणि त्यांचे सहकारी लेणी पाहावयास निघाले होते! पाहण्यासारखे काही आहे आणि ते पाहण्याचा अधिकार आम्हांला आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी महाविद्यालय काढले. त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. विद्येच्या जागेला 'वन' हे नाव आहे, हे ध्यानात घ्या. उतारवयात त्यांना व्हायोलिन शिकण्याची हौस होती. माणसाला संपूर्ण माणूस होऊ द्यावयाचे, तर त्याला भाकरी, हक्क आणि मान यांच्याबरोबर आनंदही हवा.

जातिव्यवस्थेने आपल्याकडून जमीन, पाणी, विद्या हिरावली, हे आपण मोजतो. पण तिने आपल्याकडून थांबून पाहण्याचा वेळही हिरावला, हे कधी मोजत नाही. ज्याचा प्रत्येक प्रहर दुसऱ्याच्या हुकुमाखाली आहे, त्याला स्वतःच्या डोळ्यांचाही मालक होता येत नाही. म्हणून फुलांपुढे निवांत उभे राहणे ही माझ्या दृष्टीने चैन नाही. ज्या हक्कासाठी लढलो, त्याचाच तो उपभोग आहे. मात्र अट एक: तो अर्धा तास लढ्यातून पळ काढण्यासाठी नसावा.

इथपर्यंत माझा विचार मला पुरेसा वाटत होता. आमची माणसे राबली, त्यांना सौंदर्य दिसलेच नाही, आणि मी शिकलो म्हणून मला दिसले, अशी माझी मांडणी होती. ती माझ्या आईने मोडली.

रत्नागिरीहून परतल्यावर मी आईला सड्याची हकीकत सांगितली आणि म्हणालो, "आई, तुम्हांला हे कधी बघायला मिळालं नाही." आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, सरपणाच्या मोळ्या वाहिल्या. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "दिसत हुतं की रं. डोळं का झाकून जात हुतो व्हय? कुरडूला तुरं आलं की सगळा बांध गुलाबी दिसायचा. पर सांगायचं कुणाला?"

वाचकहो, मी वरमलो. मला त्या म्हातारीचे शब्दही आठवले. ती गवत कापत होती. तरी फुले कधी येतात, किती दिवस राहतात, त्यांच्यानंतर काय होते, हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. अनित्यता तिने मला दोन वाक्यांत सांगितली होती. राबणाऱ्याला दिसत नाही, ही माझी समजूत शिकलेल्या माणसाचा अहंकार होता. आज्यालाही चांदण्यातली ज्वारी दिसली असेल. त्याच्याजवळ ती सांगण्यासाठी वेळ नव्हता, कागद नव्हता आणि ऐकणारा नव्हता. दिवसभर राबून आलेल्या बाईने कुरडूच्या तुऱ्याची गोष्ट काढली असती, तर तिला कोणी वेडी म्हटले असते. तिच्या मुलानेही तीस वर्षांत तिला कधी विचारले नाही. येथे दोष व्यवस्थेचा आहे तसा माझाही आहे.

तेव्हा पाहण्याचा हक्क पुरा पडत नाही. जे पाहिले ते दुसऱ्याला सांगण्याचा, आणि दुसऱ्याने पाहिलेले ऐकण्याचा हक्क त्याला जोडला पाहिजे. आणि धम्मात तर त्याला नावही आहे. मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण नेहमी उच्चारतो. मुदिता मात्र मागे राहते. आनंद एकट्याने धरून ठेवला, तर तो तृष्णेच्या वाटेला लागतो. वाटला, तर मुदितेच्या. सौंदर्य पाहताना आपण कुठल्या वाटेवर आहोत हे ओळखण्याची सोपी खूण हीच: हे दुसऱ्यालाही दिसावे असे वाटते काय?

येथून कर्तव्यही निघते. ज्या जमिनीला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात, ती कोणालाही खणावयास मोकळी आहे असे समजले जाते. सड्यावर चिऱ्याच्या खाणी आहेत, कातळ फोडून बागा होत आहेत. खाणीत काम करणारा मजूर दोषी नाही. तो आपलाच बांधव आहे आणि त्याच चिऱ्यांनी घरे उभी राहतात. पण 'इथे काही होत नाही' हे वाक्य आपण तरी विचार न करता बोलू नये. कारण हेच वाक्य आपल्या वस्तीविषयी, आपल्या मुलांविषयी आणि आपल्या बुद्धीविषयी शतकानुशतके बोलले गेले आहे. ज्याने न पाहता 'टाकाऊ' हा शिक्का सोसला, त्याने दुसऱ्या कशावरही तो मारण्यापूर्वी जवळ जाऊन पाहावे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावले आणि विहिरी खोदल्या, हे त्याच्या शिलालेखांत कोरलेले आहे. सावली कोणाच्या डोक्यावर पडेल हे त्याने विचारले नाही. आपणही तीच रीत पाळावी.

शेवटी, नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना माझी एक साधी सूचना आहे. रविवारी विहारात वंदना झाली, की लगेच घरी पांगू नका. महिन्यातून एका रविवारी मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन गावाबाहेर चला. टेकडी असेल तर टेकडी, ओढा असेल तर ओढा, काहीच नसेल तर माळ. खर्च काही नाही; भाकरी बांधून घ्या. मुलांना सांगा, की फूल तोडू नका, कागद-प्लॅस्टिक टाकू नका. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला मध्ये बसवून विचारा, "तुम्ही लहानपणी रानात काय काय पाहिले?" ती आधी म्हणेल, काही नाही. थोडे थांबा. मग ती बोलू लागेल.

मी आता रविवारी आईला बरोबर घेतो. ती धावत नाही. तिचे गुडघे दुखतात. मी बांधावरून चार फेऱ्या धावतो, ती लिंबाखाली बसते. मी परत आलो, की ती काय दिसले ते सांगते आणि मी ऐकतो. गेल्या रविवारी तिला सुगरणीचे अर्धवट घरटे दिसले. माझ्या डोळ्यांसमोरून ते चार वेळा गेले होते.

भवतु सब्ब मंगलं!

जय भीम.